शेजारचा रकाना

होणाऱ्या विहीणबाईंची पहिली ई-मेल मी तीनदा वाचली, आणि तिसऱ्या वेळी मला घाम फुटला. घाबरण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. बाई कॅनडातल्या, एका खेड्यात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा इथे जर्मनीत, येना शहरात, माझ्या लेकीबरोबर एकाच प्रयोगशाळेत भिंगांवर काम करतो. दोघांनी लग्न ठरवलं आणि मग आम्हाला कळवलं. या क्रमाबद्दल मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

विहीणबाईंनी लिहिलं होतं की त्यांचे खापरपणजोबा आणि खापरपणजी एकोणिसाव्या शतकात तुमच्याच भागातून जहाजाने कॅनडाला आले. जंगल तोडून शेत केलं, नऊ मुलं वाढवली. त्यांचा एक फोटो आमच्या बैठकीत आहे. दर उन्हाळ्यात त्या शेतावर आम्ही सगळे जमतो आणि त्यांच्या नावाने केक कापतो. पण ती दोघं कुठल्या गावची, कुणाची कोण, हे आम्हाला माहीत नाही. तुम्हाला जुनी जर्मन लिपी वाचता येते असं कळलं. एप्रिलमध्ये मी भेटायला येतेच आहे. त्याआधी जरा बघाल का?

आता ही बातमी त्यांना कुणी दिली? लेकीने. आम्ही वोल्फ्सबुर्गच्या बाहेर राहतो. हे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, शेजारी इंजिनियर, समोरचे इंजिनियर, आणि पाव आणायचा तरी गाडी काढावी लागते. अशाच एका हिवाळ्यात कंटाळून मी जुन्या लिपीचा संध्याकाळचा वर्ग लावला होता. आठ निवृत्त जर्मन आणि मी. ती लिपी म्हणजे नुसत्या चढत्या-उतरत्या काड्या, पण मला ती जमली. मोडी वाचणाऱ्या माणसांचं मला लहानपणापासून अप्रूप होतं, मोडी काही शिकले नाही, म्हटलं ही तरी शिकू. आता ते कौतुक असं अंगाशी आलं.

नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मला ते काम हवंच होतं. पुण्याहून सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारत, "अगं, पण घराणं कसलं? माणसं कशी आहेत? काही चौकशी केलीस की नाही?" मी त्यांना म्हणायची, "अहो आई, इथे कुणी चौकशी करत नाही." आणि फोन ठेवला की माझ्याही डोक्यात तेच प्रश्न. एकुलती एक पोर. जन्मापासून इथली, मी मराठीत बोलले की जर्मनमध्ये उत्तर देणारी, पण माझी. ती कुठल्या घरात जाणार हे मला बघायला नको? विहीणबाईंनी आयताच दरवाजा उघडला होता. मी 'आनंदाने' असं उत्तर पाठवलं.

चर्चच्या जुन्या नोंदवह्या ज्या कचेरीत ठेवल्यात ती आमच्यापासून गाडीने तासाभरावर. आधी टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, घ्यायचा, मग एका यंत्रासमोर बसून वह्यांच्या फिल्म बघायच्या. तिथे मदतीला एक बाई असत, सत्तरीच्या पुढच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "पूर्ण ओळ वाचायची, डावीकडून उजवीकडे. मग काय ते ठरवायचं." मी "जा, जा, गेनाऊ", म्हणजे हो, हो, बरोबर, असं म्हटलं आणि कामाला लागले. शाळेतल्या पोरीसारखं मला कुणी शिकवलेलं आवडत नाही.

फेब्रुवारीभर मी जात होते. चार गावांच्या वह्या पालथ्या घातल्या. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते सापडले. कन्फर्मेशनची वही होती, म्हणजे चौदा वर्षांची मुलं चर्चमध्ये रीतसर दाखल होतात त्याची. आधी मुलगा दिसला. नाव तेच, जन्मतारीख विहीणबाईंच्या घरच्या बायबलमध्ये लिहिलेली तीच. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. विहीणबाईंना काय लिहायचं त्याची वाक्यंसुद्धा मनात तयार व्हायला लागली. मग दोन वर्षं पुढे गेले आणि मुलगी दिसली. तिचीही जन्मतारीख जुळली. आडनाव: मुलाचं जे, तेच. घर: सात नंबर. मुलाचं घर: सात नंबर. वडील: मुलाचे जे, तेच. नाव, आडनाव, हुद्दा, सगळं तेच.

मी परत मागे गेले, परत पुढे आले. काड्या मोजून वाचल्या. एक नाव, एक घर, एक बाप.

अगं बाई! हे नवराबायको नव्हते. हे भाऊबहीण होते.

बहीणभाऊ घरातून पळाले, बोटीत बसले, तिकडे कुणी ओळखणारं नाही, नवराबायको म्हणून राहिले, नऊ मुलं. त्या नऊंपैकी एकाच्या वंशातला माझा होणारा जावई. आमच्याकडे गोत्र एक निघालं तरी घरात आठवडाभर कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि इथे हे! मी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला, यंत्र बंद केलं, त्या बाईंना काहीतरी डोकेदुखीचं सांगितलं आणि बाहेर आले. गाडीत बसल्यावर किल्ली कुठे लावायची तेच मला सुचेना.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे बूट काढत होते. एक बूट हातात तसाच ठेवून त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग?"

"मग काय मग? अहो, भाऊबहीण!"

"दीडशे वर्षांपूर्वीचे ना? तू कशाला नसती उठाठेव केलीस? नाही सापडलं म्हणून कळव आणि गप्प बस."

"आणि त्या एप्रिलमध्ये आल्यावर म्हणाल्या, चला मला ती कचेरी दाखवा, तर?"

ह्यांनी दुसरा बूट काढला.

पुढचे दहा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. सकाळी चहा टाकला की तो विचार, कपडे वाळत घातले की तो विचार. विहीणबाईंना सांगावं तर त्या केकचं काय होणार? बैठकीतला फोटो त्या उतरवतील का? आणि ज्या बाईने हे उकरून काढलं तिच्या मुलीकडे त्या कुठल्या नजरेने बघतील? न सांगावं तर त्या स्वतः वाचतील आणि म्हणतील, हिने लपवलं. रक्ताचं काय, मुलांचं काय, असले विचारही यायचे. लेक शास्त्रज्ञ आहे, पाच पिढ्यांनंतर त्याला काही अर्थ नाही हे तिने मला दोन वाक्यांत पटवलं असतं. पण तिला विचारायचं कसं? विहीणबाईंच्या दोन ई-मेल येऊन पडल्या होत्या. दुसरीत त्यांनी विमानाचं तिकीट काढल्याचं कळवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, 'काही धागा लागला का? मला रोज त्यांची आठवण येते, न भेटलेल्या माणसांची येऊ शकते तशी.' मी त्यावर 'शोध चालू आहे' असं एक ओळीचं खोटं लिहिलं. आयुष्यात मला खोटं कधी धड जमलेलं नाही. त्या ओळीतही मी दोन चुका केल्या.

रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. तिने नेहमीसारखं जर्मनमध्ये विचारलं, जेवलीस का, बाबा काय करतायत. मी हो-नाही करत होते. ती म्हणाली, "आई, काय झालंय? तुझा आवाज असा का येतोय?" बस्स. मी सगळं ओकून टाकलं. वही, सात नंबर, एक बाप, सगळं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "तू त्यांची चौकशी करत होतीस."

"अगं, त्यांनीच सांगितलं होतं शोधायला!"

"त्यांनी सांगितलं म्हणून तू करत नव्हतीस. आजी विचारत होती म्हणून करत होतीस. मला ऐकू येतं, आई. मी तिथे नसले तरी मला घरातलं सगळं कळतं. तुला काहीतरी हवंच होतं आणि ते तुला मिळालं."

मी म्हटलं, "असं कसं बोलतेस? मला काय तुझं लग्न मोडायचंय?"

"मला माहीत नाही तुला काय करायचंय," ती म्हणाली. आणि हे तिने मराठीत म्हटलं, म्हणजे मला नीट लागावं म्हणून. रागावली की तिला मराठी येतं.

मला रडू यायला लागलं होतं, पण त्याहून जास्त राग आला होता, कारण ती निम्मी बरोबर होती. मी म्हटलं, तुला खोटं वाटतं ना, फोटो पाठवते, बघ. आणि फोटो पाठवला. तिला ती लिपी वाचता येत नाही, पण ती अशी आहे की कुठलीही गोष्ट हातात आली की उलटीपालटी करून बघणार. दोन मिनिटांनी ती म्हणाली, आणि आता आवाज कामाचा होता, "ही ओळ इथे संपत नाही. उजवीकडे रेघा पुढे चालल्यात. पुढे काय आहे?"

"पुढे काय असणार? नाव झालं, घर झालं, वडील झाले."

"आणि आई?"

मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"आई, त्यांच्या आयांची नावं कुठेत?"

मी ते बघितलंच नव्हतं. देवाशप्पथ, माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. यंत्राच्या पडद्यावर वहीचं डावं पान मावतं. उजवं बघायला बाजूचं चाक फिरवावं लागतं. दीड महिना मी त्या यंत्रापुढे बसत होते आणि वडिलांच्या रकान्यापाशी आले की खालच्या ओळीवर उतरत होते. जन्मभर जेवढे अर्ज भरले त्यात आपलं नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव आणि आडनाव, एवढ्यात माणूस पुरा होतो. त्यापुढे काही वाचायचं असतं हे माझ्या हाताला माहीतच नव्हतं.

"मी त्याला सांगितलंय," लेक म्हणाली. "तू बोलत होतीस तेव्हा तो इथेच होता. तो आता गॅलरीत जाऊन उभा आहे. त्याच्या आईला फोन कसा करायचा म्हणून." आणि तिने फोन ठेवला.

कचेरी मंगळवारी उघडणार होती. तोपर्यंत काय खाल्लं, काय प्यायलं मला आठवत नाही. टेर्मीन नव्हता, तरी मी दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. चष्म्याच्या बाई आल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता यंत्र सुरू करून दिलं. फिल्म मला नीट लावता येईना, शेवटी त्यांनीच ती लावली.

मी चाक फिरवलं. उजवं पान आलं. मुलाच्या ओळीत आईचं नाव, आणि त्याआधी एक शब्द: 'दिवंगत'. दोन वर्षं पुढे गेले. मुलीच्या ओळीत आईचं नाव. वेगळं. अगदी वेगळं, पहिल्या अक्षरापासून वेगळं. आणि ती बाई हयात.

"पण मग बाप एक कसा?" मी जवळजवळ ओरडलेच.

बाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "आल्झो," म्हणजे 'तर मग', त्या म्हणाल्या, आणि मला पहिलीतल्या मुलीसारखं समजावलं. या वेळी मी निमूट ऐकलं. या भागातल्या गावांत आडनाव माणसाचं नसायचं, शेताचं असायचं. सात नंबरच्या शेताचा मालक वारला, मागे बायको आणि तान्ही मुलगी. विधवेने एका विधुराशी लग्न केलं. तो आपल्या लहान मुलाला घेऊन तिच्या घरी राहायला आला, आणि आला तसं त्याला आणि त्याच्या मुलाला त्या शेताचं नाव लागलं. मुलीच्या ओळीत पाद्रीबुवांनी खरा बाप न लिहिता घरचा कर्ता पुरुष लिहिला.

"म्हणजे घरजावई," मी मराठीतच म्हटलं. बाई म्हणाल्या, "जा," काही न कळताच.

मग त्यांनीच दुसरी फिल्म काढली आणि अर्ध्या तासात त्या मुलाचं आणि मुलीचं लग्न शोधून दिलं. त्याच गावच्या चर्चमध्ये, राजरोस, सगळ्यांच्या साक्षीने. आणि समासात पाद्रीबुवांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: अमेरिकेस जाणार. तेव्हा कॅनडालाही इथे अमेरिकाच म्हणत. मी ती दोन्ही पानं चार-चार वेळा वाचली, पार कडेपर्यंत. मग बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क रडले. इथे असं कुणी करत नाही. त्यांनी थोडा वेळ चालवून घेतलं.

लेकीला फोन केला तर तिने उचलला नाही. मी निरोप ठेवला. चुकले, असं सरळ म्हटलं, आणि विहीणबाईंना मीच सांगेन, तुम्ही सांगू नका, असंही. संध्याकाळी तिचं एका शब्दाचं उत्तर आलं: ओके. त्या 'ओके'वर मी दोन आठवडे काढले. एप्रिलमधल्या त्या शनिवारी विहीणबाईंना घेऊन दोघं आमच्याकडे येणार, हे आधी ठरलं होतं. आता येणार की नाहीत हे विचारायची माझी छाती होत नव्हती. हे म्हणाले, तू स्वयंपाक तर कर. मी पाचजणांना पुरेल त्याच्या तिप्पट केला.

आले. गाडीतून उतरल्यावर लेकीने माझ्या गालाला गाल लावला, एका बाजूने, पाहुणे लावतात तसा. विहीणबाई बुटक्या, गोऱ्यापान, केस कापसासारखे. मी त्यांना पाणी द्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. भाऊबहीण समजले होते ते, दहा दिवस लपवलं ते, आईचा रकाना वाचला नाही ते. जावई खिडकीबाहेर बघत होता. विहीणबाईंनी ऐकून घेतलं, दोन्ही पानांचे फोटो हातात घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे तिची आई मागे इथेच राहिली. त्याच घरात." मग त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मला राग-लोभ दिसेना त्यांच्या चेहऱ्यावर, आणि तेच मला सोसेना. शेवटी त्यांनी माझा हात दाबला. "मला एक बाई जास्त मिळाली," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे."

दुपारी जाऊन आम्ही ते गाव बघितलं. चर्च बंद होतं. सात नंबरच्या जागी ट्रॅक्टरचं गोदाम आहे. विहीणबाईंनी तिथली मूठभर माती रुमालात बांधून घेतली. लेक सगळा वेळ त्यांच्याशी बोलत होती. माझ्याशी फक्त रस्ता कुठे वळायचा एवढंच.

रविवारी नाश्ता झाल्यावर विहीणबाईंनी एक वही काढली. म्हणाल्या, आता तुमची बाजू. ह्यांनी कुलवृत्तांत आणून ठेवला, सात पिढ्या, सगळे पुरुष, धाडधाड. त्या म्हणाल्या, छान, आणि बायका? ह्यांनी आपल्या आईचं सांगितलं, आजीचं आठवून सांगितलं, पुढे गाडी अडली. मग माझ्याकडे वळल्या. माझ्या आईचं नाव मी सांगितलं. त्यांनी विचारलं, जन्मापासूनचं? मी म्हटलं, नाही, हे लग्नानंतरचं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, आडनावच नाही, पहिलं नावसुद्धा. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो. आईचं आधीचं नाव मला माहीत होतं, तिचे भाऊ त्या नावाने हाक मारायचे. तिच्या आईचं मात्र काही केल्या आठवेना. विचारायला आता कुणी उरलेलं नाही. त्या रकान्यात विहीणबाईंनी एक छोटी रेघ मारली.

लेक समोर बसली होती. ती हसून म्हणाली, "आईचं बरं आहे. तिचं नाव एकच आहे."

"नाही," मी म्हटलं.

हे कपात बघत राहिले. तांदळात अंगठी फिरवणारे तेच. लेक माझ्याकडे बघत होती. तीस वर्षांची पोर, आणि तिला हे ठाऊक नव्हतं. तिला कळायला लागायच्या आत माझे आईवडील गेले, भाऊ धाकटा, तो ताई म्हणतो. लपवलं असं काही नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"मग काय होतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सांगताना आवाज असा निघाला की जणू दुसऱ्या कुणाची तरी चहाडी करतेय. त्या नावाने मला शेवटची हाक मारली ती माझ्या आईने, इथे यायला निघाले तेव्हा, दारातून.

लेकीने विहीणबाईंच्या हातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. मग मान वर करून, जीभ नीट वळतेय का बघावं तसं, तिने ते एकदा मोठ्याने उच्चारलं.

आणि मी ओ दिली.